रिकामी जुळणी आणि अडकणारं रेजेक्स इंजिन

/(?:क*)*/ हा पॅटर्न "ख"वर चालवला की तुम्ही बनवत असलेलं जावास्क्रिप्टचं रेजेक्स इंजिन (मजकुरात पॅटर्न शोधणारा प्रोग्रॅम) अडकतं आणि फेऱ्यांना १००० ची मर्यादा घातली की सुटतं, असं तुम्ही लिहिलंय. ती मर्यादा आधी काढा. तिने बग फक्त झाकला जातो, आणि लांब मजकुरावर जुळणी मध्येच तुटते.

आतला क* शून्य अक्षरं घेऊनही यशस्वी होतो, मजकुरातली जागा सरकत नाही, आणि बाहेरचा * तीच फेरी पुन्हा सुरू करतो. म्हणून फेरी सुरू होताना जागा नोंदवा आणि संपल्यावर तपासा. जागा तीच असेल तर पुढे काय, इथे खरी गोची आहे. नुसतं लूपमधून बाहेर पडलात तर त्याच "ख"वर /(क*)*/ चा पहिला ग्रुप (कंसाने पकडलेला मजकूर) रिकामी स्ट्रिंग देईल. पर्लमध्ये ते बरोबर आहे. एक्मास्क्रिप्टच्या, म्हणजे जावास्क्रिप्टच्या प्रमाण व्याख्येच्या, नियमाने मात्र ती फेरीच फसली असं धरून बॅकट्रॅक करायचं (मागे जाऊन दुसरा पर्याय पाहायचा), म्हणजे ग्रुप अनडिफाइंड (किंमतच नसलेला) येतो.

ही तपासणी किमान फेऱ्या (* ला शून्य, + ला एक) झाल्यानंतरच लावा. सक्तीच्या फेरीलाही लावली तर /(?:क*)+/ "ख"वर जुळणारच नाही, तो जुळायला हवा, रिकामा का होईना.

नोंदवलेली जागा प्रत्येक लूपच्या स्वतंत्र रजिस्टरमध्ये हवी आणि बॅकट्रॅक होताना जुनी किंमत परत यायला हवी. एकच सामाईक ठेवली की आतला लूप बाहेरच्याची नोंद पुसतो. फेरीच्या सुरुवातीलाच तिच्यातले ग्रुपही रिकामे करा, जुन्या किमती स्टॅकवर ठेवून. /(?:(क)|ख)*/ "कख"वर चालवा: पायथन पहिल्या ग्रुपमध्ये "क" देतं, जावास्क्रिप्ट अनडिफाइंड. (चाचणीत "कि" वापरू नका, वेलांटी हा वेगळा कोडपॉइंट (युनिकोडमधला स्वतंत्र क्रमांक) आहे.)

आतला भाग रिकामा जुळूच शकत नाही असं मानून कंपायलर वेगासाठी तपासणी गाळत असेल, तर बॅकरेफरन्सची (ग्रुपने पकडलेलंच पुन्हा जुळवणाऱ्या खुणेची) किमान लांबी शून्य धरली आहे ना ते पाहा. ज्या ग्रुपने काहीच पकडलेलं नाही, त्याचा बॅकरेफरन्स जावास्क्रिप्टमध्ये रिकामा जुळतो.

ग्लोबल रिप्लेस आणि मॅचमध्ये रिकाम्या जुळणीनंतर लास्टइंडेक्स (पुढचा शोध जिथून सुरू होतो ती जागा) एकाने पुढे न्यावा लागतो. यू (युनिकोड) फ्लॅग असेल तर पूर्ण कोडपॉइंटने. जावास्क्रिप्टमध्ये 😀 दोन एककांची जागा घेतं, पण कोडपॉइंट एकच. एका 😀 वर /(?:)/ ग्लोबल चालवल्यास तीन जुळण्या येतात, यू लावल्यावर दोन. एक्झेकमध्ये (एका वेळी एकच जुळणी देणाऱ्या फंक्शनमध्ये) मात्र ही वाढ घालू नका. तिथे लास्टइंडेक्स जागचा हलत नाही, हेच प्रमाण वर्तन आहे. वापरणाऱ्याचा व्हाइल लूप त्यामुळे अडकला तर तो त्याने सोडवायचा.