पेग मोजून घ्या, अंदाजाने नको

आधी एका ओळीत लिहा, दारू नेमकी कशाच्या आड येते: मुलांचा अभ्यास घेणं, पहाटेचं चालणं, घराचा हप्ता? किती पेग घ्यायचे तो आकडा त्यावरून ठरवा, आणि प्यायला बसण्यापूर्वीच. दुसऱ्या पेगनंतर ठरवलेलं टिकत नाही.

मग माप. ४२.८ टक्क्यांच्या ३० मिली व्हिस्कीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे असे सहा पेग. खरी फसगत बिअरमध्ये होते. ८ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बाटली जवळपास चार पेगांएवढी, आणि 'आज फक्त बिअर' म्हणत माणूस दोन संपवतो! घरी थेट ग्लासात ओतू नका, ३० मिलीचं मेजर आणा. अर्धवट ग्लास कुणाला भरूही देऊ नका, मोजणी तिथेच चुकते.

चर्चगेटला ऑफिस सुटलं की उपाशीपोटी बारमध्ये शिरू नका, आधी उसळपाव तरी खा. खारा चखणा तहान वाढवतो. पाणी शेजारी हवंच. शरीर तासाला साधारण एकच छोटा पेग जिरवतं, लिंबूपाण्याने किंवा कॉफीने तो वेग वाढत नाही.

रोज पीत असाल आणि सकाळी हात थरथरत असतील, तर एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते. आधी डॉक्टरांना भेटा.