दम्यासाठी ओमालिझुमॅबची इंजेक्शनं वर्षानुवर्षं घेणं सुरक्षित आहे का?

तुलना कशाशी करताय, यावर उत्तर ठरतं. पंप नीट ओढूनही वर्षातून दोन-तीनदा प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडच्या गोळ्या) लागत असेल, तर त्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, मोतीबिंदू हे धोके इंजेक्शनपेक्षा मोठे. ओमालिझुमॅब अमेरिकेत २००३ पासून वापरात आहे. पाच वर्षांच्या पाहणीत कर्करोग वाढलेला दिसला नाही, हृदय-मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे त्रास मात्र थोडे जास्त दिसले. हृदयविकार असेल तर आधीच सांगा.

तीव्र ॲलर्जी हजारात एक-दोघांना येते, बहुतेकदा पहिल्या तीन डोसांत. ते दवाखान्यातच घ्या, नंतर दोन तास तिथेच बसा. १६ आठवड्यांत फरक नसेल तर पुढे खर्च कशाला? बरं वाटलं म्हणून पंप मात्र सोडू नका, नेमकी तिथेच गाडी घसरते.