मानधन म्हणायचं की पेन्शन?

प्रश्न असा आलाय: वृद्ध कलावंतांना शासन दरमहा पैसे देतं. कागदावर त्याला ‘मानधन’ म्हणतात आणि आमच्या पेठेत सगळे ‘पेन्शन’ म्हणतात. बरोबर कोण?

दोघंही. पण ‘मानधन’ या शब्दाने वाटेत चांगलीच कोलांटी मारलीय. संस्कृतात मानधन म्हणजे माणूस. मान हेच ज्याचं धन असा. ‘तपोधन’सारखाच बहुव्रीही. रघुवंशाच्या पाचव्या सर्गात कालिदासाने रघूला ‘मानधनाग्रयायी’ म्हटलंय, म्हणजे मानी लोकांतला अग्रणी. मराठीने समासच फिरवला आणि माणसाचे पैसे झाले: मानापोटी द्यायचं धन. मूळचा मानधन कुणापुढे हात पसरणार नाही. आपलं मानधन उत्पन्नाचा दाखला जोडल्याशिवाय मिळत नाही. 2024 पासून ही रक्कम महिना 5 हजार आहे आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. त्या लांबलचक नावात ‘मानधन’ही आहे आणि ‘सन्मान’ही. एवढा मान एका दमात!

खुद्द शाहू महाराजांच्या काळात शब्द वेगळे होते. गाणं झालं की कलावंताला निरोप देताना द्यायची ती बिदागी. मुळाशी अरबी ‘विदाअ’, म्हणजे निरोप. अल्लादियाखाँसाहेबांसारखा गवई दरबारात कायमचा असला, की त्याला ठरलेली नेमणूक. हो, नेमणूक म्हणजे पद नव्हे, बांधलेली रक्कम. आजच्या दरमहाच्या पैशाला खरं तर हाच शब्द चपखल बसला असता, पण आता ‘कलावंतांची नेमणूक’ म्हटलं तर लोक जाहिरात कुठं आलीय विचारतील.

‘अनुदान’ यात मिसळू नका. ते नाटकाच्या प्रयोगाला, तमाशाच्या फडाला, संस्थेला. (‘अनु’ म्हणजे मागून. फडमालकांना व्युत्पत्ती समजावून सांगावी लागत नाही.)

तर अर्जात ‘मानधन’ लिहा, बोलताना खुशाल ‘पेन्शन’ म्हणा. खासबागेजवळ राहणारे एक ढोलकीवाले आजोबा पासबुक पुढं करून विचारतात, “पेन्शन आलं काय बघ की.” मी एकदा शहाणपणानं म्हटलं, “आजोबा, मानधन म्हणायचं.”

“मानधन सुपारीला असतंय बाळा. ढोलकी वाजवली की मिळायचं ते. हे घरात बसल्याचं हाय.”