१० पैकी ९ गुण मिळूनही गेमचे चाहते समीक्षकावर का तुटून पडतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: गेमला चांगले ८-९ गुण मिळाले तरी लोक समीक्षकाला शिव्या का घालतात, आणि ‘हे सगळे पैसे खाऊन लिहितात’ या आरोपात काही तथ्य आहे का. मी बरीच वर्षं गेम खेळतोय, रिव्ह्यूही नेमाने वाचतो. गेमच्या धंद्यात राग यावा असं पुष्कळ आहे, हे मला मान्य आहे. पण तो राग निघतो नेमका मोकळेपणाने लिहिणाऱ्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी, असाच हा प्रकार आहे.

९ गुणांचं उदाहरण तर जगजाहीर आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये ‘जीटीए ५’ हा गेम आला, तेव्हा गेमस्पॉट या गेमचे रिव्ह्यू देणाऱ्या साइटवर कॅरोलिन पेटिट यांनी त्याला ९ दिले. भरभरून कौतुक केलं आणि त्यातलं बायकांचं चित्रण स्त्रीद्वेष्टं आहे, एवढं नोंदवलं. त्यावर २० हजारांहून जास्त प्रतिक्रिया आल्या. त्यांना कामावरून काढा म्हणून ऑनलाइन सह्यांची मोहीम निघाली. त्या ट्रान्स स्त्री आहेत यावरून जे लिहिलं गेलं, ते इथे उतरवण्यासारखं नाही. आणि रिव्ह्यू आला तेव्हा गेम अजून दुकानात यायचा होता. म्हणजे भांडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो खेळलेलाच नव्हता.

सगळी मेख इथे आहे. मोठ्या गेमची हवा दोन-दोन, तीन-तीन वर्षं तापवली जाते. ट्रेलरची एकेक फ्रेम लोक थांबवून बघतात, प्री-ऑर्डरचे, म्हणजे गेम यायच्या आधीच नोंदणी करण्याचे, पैसे कधीच भरून झालेले असतात. घ्यायचं की नाही हे ठरवायला रिव्ह्यू वाचणारे थोडेच. बाकीच्यांना आधीच घेतलेल्या निर्णयावर शिक्कामोर्तब हवं असतं. त्यात प्लेस्टेशनवाले विरुद्ध एक्सबॉक्सवाले, म्हणजे गेम खेळायच्या दोन वेगवेगळ्या यंत्रांचे (कन्सोलचे) मालक, हे जुनं वैर आहेच.

शिवाय आकड्यांची पट्टीच बिघडलेली आहे. आपल्याकडे दहावीत ७० टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, गेममध्ये ७ म्हणजे जवळपास नापास. मेटाक्रिटिक या रिव्ह्यू गोळा करणाऱ्या साइटवर सिनेमाला शंभरपैकी ६१ पासून हिरवा रंग, म्हणजे ‘चांगला’ असा शिक्का मिळतो, गेमला मात्र ७५ लागतात. तिथे सगळ्यांच्या गुणांची सरासरी निघते, त्यामुळे एकाने कमी दिले की ‘आपला’ आकडा खाली येतो आणि कोणी खाली आणला तेही दिसतं. मार्च २०१७ मध्ये ‘झेल्डा’ या गेममालिकेतल्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ला समीक्षक जिम स्टर्लिंग यांनी दहापैकी ७ दिले, सरासरी ९८ वरून ९७ झाली, आणि लोकांनी त्यांच्या साइटवर हल्ला करून ती बंद पाडली. एका अंकासाठी!

मला सगळ्यात जास्त खटकतं ते ‘सायबरपंक २०७७’ या गेमचं प्रकरण. डिसेंबर २०२० मध्ये, गेम यायच्या तीन दिवस आधी रिव्ह्यू आले. समीक्षकांना फक्त पीसीवरची (कॉम्प्युटरवरची) आवृत्ती मिळाली होती आणि स्वतः रेकॉर्ड केलेलं काहीही दाखवायला मनाई होती. गेमस्पॉटने ७ दिले, तर लिहिणाऱ्या बाईंची लोकांनी सळो की पळो अवस्था करून सोडली.

गेम इन्फॉर्मर या गेमविषयक मासिकाच्या लियाना रुपर्ट यांनी तर गुणांवरून वाद होईल असं काही केलंच नव्हतं. या गेममध्ये ‘ब्रेनडान्स’ नावाचा प्रकार आहे. पात्र डोक्यावर हेडसेट चढवतं आणि पांढरे-लाल दिवे भराभर लुकलुकतात. रुपर्ट यांना स्वतःला फिट्सचा त्रास आहे आणि खेळताना त्यांना मोठा झटका आला. इतरांना असं होऊ नये म्हणून त्यांनी कुठे सावध राहायचं ते सविस्तर लिहिलं. उत्तरादाखल काही लोकांनी त्यांना मुद्दाम तसेच लुकलुकणारे व्हिडिओ पाठवले. फिट यावी म्हणून. हे ‘चाहत्यांचं प्रेम’ म्हणून मी सोडून देऊ शकत नाही. गेम बनवणाऱ्या कंपनीने मात्र रुपर्ट यांचं म्हणणं मानलं, इशारा टाकला आणि काही दिवसांतच तो परिणाम सौम्य केला.

पुढे काय झालं ते बघा. १० डिसेंबरला गेम आला, प्लेस्टेशन ४ वर तो धड चालेना, सारखा बंद पडू लागला. आठवडाभरात प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला, पैसे परत देऊ केले. तो परत यायला जून २०२१ उजाडला. कन्सोलची आवृत्ती समीक्षकांपासून लपवणारे वेगळेच होते आणि मार मात्र ७ देणाऱ्या बाईंनी खाल्ला.

आता पैसे खाण्याबद्दल. दबाव असतो, पण तुम्हाला वाटतो तसा नाही. गेमस्पॉटचेच समीक्षक जेफ गर्स्टमन यांनी नोव्हेंबर २००७ मध्ये ‘केन अँड लिंच’ या गेमला ६ दिले, तेव्हा त्याच गेमच्या जाहिराती गेमस्पॉटवर झळकत होत्या. त्यांची नोकरी गेली. जाहिरातदारांच्या नाराजीमुळे वरच्यांनी काढलं, हे २०१२ मध्ये त्यांनी उघड सांगितलं. त्याच गर्स्टमन यांच्यावर २००६ मध्ये झेल्डाच्या ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ला ८.८ दिले म्हणून चाहते खवळले होते. दबाव दोन्हीकडून होता, आणि दोन्ही वेळा मागणी एकच: आकडा वाढवा.

या आकड्यावर गेम बनवणाऱ्यांची कमाईही टांगलेली असते. ‘फॉलआउट: न्यू वेगास’ हा गेम बनवणाऱ्या ऑब्सिडियन या कंपनीला मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर बोनस ठरला होता. मिळाले ८४. हे कळल्यावर करार करणाऱ्यांना जाब विचारायला हवा होता, पण तेव्हाही कमी गुण देणाऱ्यांवर खापर फोडणारे निघालेच.

गुण काढून टाकावेत, असंही काही जण म्हणतात. युरोगेमर या रिव्ह्यू साइटने २०१५ मध्ये ते करून पाहिलं आणि २०२३ मध्ये ताऱ्यांच्या रूपात परत आणलं. मला आकड्याचं वावडं नाही. फक्त मी ७ देणारे रिव्ह्यू आधी वाचतो, कारण काय खटकलं ते तिथे नीट लिहिलेलं असतं, आणि माणूस कोणत्या मशीनवर खेळला ते पाहतो. तुमच्याकडे जुना कन्सोल असेल आणि रिव्ह्यू पीसीवरचा असेल, तर तो आकडा तुमच्या कामाचा नाही, मग तो ७ असो की १०.