दुकानासमोर ठेवायचे मजबूत लोखंडी बोर्ड बनवून विकायचे आहेत. किंमत कशी ठरवावी?

वजनावर तर अजिबात ठरवू नका.

तुम्ही लिहिलंय की वेल्डिंग येतं, घरामागं शेड आहे, चहावाले-बेकरीवाले यांच्यासाठी ए आकाराचे दुहेरी बोर्ड करायचेत, आणि ऑनलाइन तसला बोर्ड १८०० रुपयांत मिळतो. तिथवर ठीक होतं. पण “फॅब्रिकेशनवाले किलोवर घेतात, मीही तसाच भाव लावू का?” हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. पहिली सात वर्षं मी दाजींबरोबर भागीदारीत होतो आणि नेमका हाच प्रश्न आमच्यात कधी सुटला नाही.

दाजी मूळचे गेट-ग्रिलवाले. हात इतका साफ की त्यांचा वेल्ड बघत राहावा. पण हिशेब एकच: माल काट्यावर टाकायचा, किलोच्या दरानं गुणायचं. गेटाला ते बरोबर आहे. दोनशे किलोच्या गेटात लोखंड भरपूर असतं, त्या मानानं कापणी आणि जोड कमी. बोर्डाचं उलटं. माल सगळा मिळून सोळा किलो, पण दोन चौकटींचे आठ जोड, बिजागऱ्या, पट्ट्या, पत्र्याचे रिव्हेट, शिवाय प्रत्येक जोड घासून गुळगुळीत करायचा, कारण जाणाऱ्या-येणाऱ्याची साडी, पिशवी, लहान पोराचा हात त्याला लागणार असतो. ही मेहनत काट्यावर दिसत नाही. दाजींचं म्हणणं, “गिऱ्हाईक किलोचा भाव विचारतंय, तर किलोचाच सांगायचा. जादा शहाणपणा कशाला?”

२०१६ च्या एप्रिलात राजारामपुरीतल्या एका बेकरीवाल्यानं बोर्ड सांगितला. मी चित्र काढलं, भाव काढला. दाजींनी माझ्या पाठीमागं किलोचा भाव सांगून टाकला. आता त्या पैशात बसवायचं म्हटल्यावर काटछाट आली. सोळा गेजचा पाइप अठरा गेजचा झाला, म्हणजे आणखी पातळ; गेजचा आकडा वाढला की जाडी कमी. पायांमधलं अंतर दोन फुटांवरून सव्वा फुटावर आलं, म्हणजे पायरीपाशी जागा कमी लागते म्हणे. आणि दोन चौकटींना अडकवायला लोखंडी पट्टीऐवजी साखळी लावली. साखळीनं ऐंशी रुपये आणि पाऊण तास वाचला. मी बोललो, पण थांबवलं नाही. तिथं मी चुकलो, ते आजही लागतं.

मे महिन्यात वळीव आला. आमच्याकडचा वळीव माहीत असेल तर सांगायला नको: दुपारभर उकाडा आणि चारला अचानक धुळीची भिंत. साखळी बोर्डाला जास्त उघडू देत नाही, पण मिटायला अडवत नाही. वाऱ्यानं समोरची चौकट मागच्या चौकटीवर ढकलली, बोर्ड पुस्तकासारखा मिटला, आणि मिटलेला बोर्ड म्हणजे उभी फळी. ती पडली एका लावलेल्या स्कूटीवर. हेडलाइट फुटला, पुढचं मडगार्ड चिरलं. एक आजी नातवाला घेऊन दोन पावलं पुढं गेल्या होत्या. दोनच पावलं. बेकरीवाल्याचा फोन आला तेव्हा त्याला स्कूटीचं काहीच वाटत नव्हतं, तो त्या आजींबद्दलच बोलत होता.

स्कूटीचे पैसे मी भरले. दाजी म्हणाले, “वाऱ्याला आपण काय करणार?”

करता येतं हो. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात दोन बाय तीन फुटांच्या पत्र्यावर साधारण पाच किलोचा जोर येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. पत्र्याचा मध्य जमिनीपासून अडीच फुटांवर धरा, म्हणजे उलथवणारी ताकद पाच गुणिले अडीच, साडेबारा. पाय दोन फूट फाकलेले आणि बोर्ड सोळा किलोचा असेल तर सावरणारी ताकद सोळा गुणिले एक (दोन फुटांचं अर्धं), सोळा. टिकला. पाय सव्वा फूट आणि वजन बारा-तेरा किलो केलंत तर ती आठपर्यंत येते. संपला. हे गणित कागदाच्या तुकड्यावर होतं, आणि मी ते दाजींना त्याच आठवड्यात करून दाखवलं होतं. १३ मे २०२४ ला घाटकोपरला १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग पडून १७ माणसं गेली, तेव्हापासून गिऱ्हाइकं वाऱ्याचं बोलणं ऐकून घेतात. त्याआधी मला घाबरट म्हणायचे.

आता तुमच्या कामाचं. एक इंची चौकोनी पाइप घ्या, सोळा गेज. वीस फुटी पाइप साधारण सव्वासात किलोचा भरतो. एका बोर्डाला चार फुटांचे चार पाय आणि दोन फुटांचे चार आडवे, म्हणजे चोवीस फूट. एकच बोर्ड करायला गेलात तर दुसरा पाइप फोडावा लागतो आणि सोळा फूट उरतो. चार बोर्ड एकदम कापलेत तर पाच पाइपांत बसतात. म्हणून सुरुवातीलाच चाराच्या पटीत करा, ऑर्डर एकाची असली तरी. पाइपची खालची तोंडं उघडी ठेवून त्यात रबरी बूट घुसवलात तर आत पाणी साचून पाय आतून कुजतो. आधी पट्टी मारून तोंड बंद करा, मग बूट. जस्ताचा पत्रा वेल्ड करू नका, त्याचा धूर अंगात ताप आणतो; रिव्हेट मारा. आणि त्या पत्र्यावर ऑइल पेंट थेट लावू नका, पावसाळ्यात पापुद्रे निघतात. त्याला एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्तावर धरणारा, वेगळा मिळतो. पाइपला मात्र रेड ऑक्साईड आणि वर इनॅमलचे दोन हात पुरतात.

अक्षरांबद्दल एकच. आमचे आबा पेंटर होते, फ्लेक्स येण्याआधीच्या काळातले. दहा फुटांवरून नीट वाचायला एक इंच अक्षर, हा अंदाज ते पाळायचे, पण तो इंच अक्षराच्या अंगाचा धरायचे. वेलांटी, मात्रा, उकार त्याच्या बाहेर. कॉम्प्युटरवर डिझाइन करणारी पोरं वेलांटीसकट उंची मोजतात, मग ‘मिसळ’ वाचायला माणसाला फुटपाथ सोडून जवळ यावं लागतं.

माझा आजचा हिशेब असा. पाइप नऊ किलो, सत्तरच्या दरानं ६३०. बावीस गेजचा पत्रा, दोन्ही बाजूंचा मिळून सात किलो, साधारण ६००. बिजागऱ्या, पट्ट्या, रिव्हेट, बूट २००. रंग, प्रायमर, थिनर २००. रॉड, कटिंग व्हील, वीज १२०. दोन्ही बाजूंचं लॅमिनेशन केलेलं विनाइल, म्हणजे छापलेला स्टिकर, ६००. झाले २३५०. त्यावर सहा तासांची मजुरी, तासाला सव्वाशे धरली तर ७५०. म्हणजे ३१०० रुपये खिशातून गेले, अजून शेडचं भाडं आणि नफा यायचाय. मी ४२०० घेतो. आता दाजींच्या पद्धतीनं करा: सोळा किलो गुणिले १३० म्हणजे २०८०, वर विनाइलचे ६००. २६८०. प्रत्येक बोर्डामागं चारशेवीस रुपये घरातून घालायचे आणि वर फुटलेला हेडलाइट भरून द्यायचा. हा कागद मी ताईकडच्या बारशाला खिशात घालून गेलो होतो. दाजींनी बघितला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, “तुला गिऱ्हाईक टिकवता येत नाही.”

तो बेकरीवाला आजही माझंच गिऱ्हाईक आहे. त्याचा नवा बोर्ड मी फुकट करून दिला, सोळा गेजचा, पाय दोन फूट. विनाइल तीनदा बदललं, चौकट तीच.

भाव दर महिन्याला हलतात, तेव्हा माझे आकडे तसेच उचलू नका, तुमच्या गावच्या दुकानात विचारून मांडा. जीएसटीची नोंदणी नसेल तर पाइप-पत्र्यावर भरलेला कर परत मिळत नाही, तो खर्चातच धरा. ताशी ४५ किलोमीटरच्या पुढच्या वाऱ्यात माझाही बोर्ड पडेल. म्हणून खालच्या पट्ट्यांवर दहा किलो वाळूची पिशवी अडकवायला सांगतो आणि वळवाची चिन्हं दिसली की आत घ्या म्हणून बजावतो. आणि हे मी आधी लिहायला हवं होतं: फुटपाथ महापालिकेचा आहे. अतिक्रमणाची गाडी बोर्ड उचलून नेते, आणि पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या माणसाच्या वाटेत तो आला तर ते फार वाईट. दुकानदाराच्या स्वतःच्या हद्दीत, पायरीलगत मावेल अशाच मापाचा बोर्ड करा. दुकानाचं नाव टाकणार असाल तर मराठी आधी, आणि दुसऱ्या लिपीचं अक्षर त्याहून मोठं नको. नामफलकांना हा नियम २०२२ च्या दुरुस्तीपासून आहे.

ऑनलाइनच्या १८०० वाल्या बोर्डाशी किमतीत लढू नका. मी एक उचलून पाहिलाय, जेमतेम सहा किलो. हॉटेलच्या आत, पंख्याखाली ठेवायला चांगला आहे. ज्याला तेवढंच हवंय त्याला तोच घ्यायला सांगा, मी सांगतो.

पट्टीबद्दल राहिलं. वीस बाय तीन मिलिमीटरची पट्टी, दोन्ही बाजूंना एकेक, एक टोक पिनवर फिरतं आणि दुसऱ्या टोकाला खाच. खाच सरळ कापू नका, धक्क्यानं सुटते. आतल्या बाजूला थोडी तिरकी कापा, म्हणजे बोर्ड मिटायला गेला की ती पिनेवर आणखी घट्ट बसते.