ती झोप लागत नाही म्हणाली, तेव्हा तू काय म्हणालीस?

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि तक्ता तीनदा पाहिला. एका बाजूला संवादाचे अभ्यासक मार्क नॅप यांनी १९७८मध्ये मांडलेल्या नात्याच्या दहा पायऱ्या, पाच चढणाऱ्या नि पाच उतरणाऱ्या. दुसऱ्या बाजूला मैत्रिणीने आठ महिन्यांत तुला काय काय सांगितलं त्याची यादी. आणि तळाशी प्रश्न: 'मॅडम, आमची मैत्री वाढतेय की उतरणीला लागलीय?'

अभ्यास पक्का आहे तुझा. पण यादीतल्या सातव्या ओळीपाशी मी अडले. 'महिनाभर झोप लागत नाही म्हणाली.' त्यापुढच्या रकान्यात तू लिहिलंस, 'खोल स्तर'. आणि लगेच आठवी ओळ. अगं, तू तिला काय म्हणालीस? त्याला तुझ्या तक्त्यात रकानाच नाही.

माझं एकच म्हणणं आहे, आणि तू कंटाळलीस तरी मी ते पुन्हा पुन्हा सांगणार आहे. सांगितलेलं कुणीतरी झेललं, तरच नातं पुढे सरकतं.

अल्टमन आणि टेलर या मानसशास्त्रज्ञांचा कांदा तुझ्या डोक्यात पक्का बसलाय. १९७३मध्ये त्यांनी मांडलं की माणसं एकमेकांपुढे पापुद्र्या-पापुद्र्याने उघडत जातात. बोलण्याचे विषय वाढतात ती रुंदी, आतलं बोललं जातं ती खोली. हे चित्र इतकं सोपं आहे की कांदा आपोआप सोलला जातो असं वाटायला लागतं. पण त्यांनी थिबो आणि केली यांचा १९५९चा नात्यांचा जमाखर्चही त्यात घेतला होता, तो भाग विद्यार्थी परीक्षेपुरता वाचतात. उघडल्यावर हाती काय आलं आणि त्यासाठी काय मोजावं लागलं, यावर पुढचा पापुद्रा निघणार की नाही ते ठरतं. हाती येतं ते काय? बहुतेक वेळा समोरच्याचं उत्तर. बाकी काही नाही.

१९८८मध्ये हॅरी रीस आणि फिलिप शेव्हर यांनी हेच नेमकं पकडलं. एक जण मनातलं सांगतो, दुसरा प्रतिसाद देतो आणि पहिल्याला जाणवतं की मला समजून घेतलं, माझं बोलणं मानलं, माझी काळजी केली. ही फेरी पूर्ण झाली की जवळीक वाढते. यात 'जाणवतं' या शब्दाखाली रेघ मार. 'मी तर नीट ऐकलं होतं' या तुझ्या म्हणण्याला इथे किंमत नाही. पुढे १९९८मध्ये लॉरेन्सो आणि त्याच्या सहकारी संशोधकांनी लोकांना रोजच्या संवादांच्या नोंदी ठेवायला लावल्या. नुसती माहिती सांगण्यापेक्षा भावना सांगण्याने जवळीक जास्त वाढलेली दिसली, आणि त्यातही समोरचा प्रतिसाद देतोय असं वाटण्याचा वाटा मोठा होता.

हे सगळं मी इतक्या ठासून का सांगतेय? माझी एक मैत्रीण होती. बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी ती मला म्हणाली, 'मला या बाळाबद्दल काहीच वाटत नाही.' मी म्हटलं, 'दमली आहेस, होतं असं. सगळं ठीक होईल.' मी धीरच दिला होता, मनापासून दिला होता. माझं वय तरी काय होतं! अशा वेळी काय बोलावं हे मलाही कुणी शिकवलं नव्हतं, आणि आजही मला वाटतं की माझा हेतू स्वच्छ होता. पण ती त्यानंतर मला तसं काही कधीच बोलली नाही. गप्पा सुरू राहिल्या, भेटी सुरू राहिल्या. रुंदी जशीच्या तशी होती, म्हणून खोली गेल्याचं मला फार उशिरा कळलं. तुझ्यासारखा तक्ता मी तेव्हा काढला असता, तर त्यात आमची मैत्री उत्तम दिसली असती.

आर्थर आरनच्या १९९७च्या प्रयोगाचंही तू लिहिलंयस. अनोळखी माणसांच्या जोड्या, छत्तीस प्रश्न, पाऊण तास आणि त्यातून आलेली जवळीक. ते प्रश्न मैत्रिणीला पाठवावेत का, असं विचारतेस. नको! त्या प्रयोगात दोघांनीही प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं, आळीपाळीने, समोरासमोर बसून. तू मात्र तिने भरायची प्रश्नावली पाठवायला निघालीस. तुझ्या यादीत तू स्वतः तिला काय सांगितलंस याची एकही ओळ नाही, हे लक्षात आलं का तुझ्या? तिच्या हातात झेलायला काही दिलंच नाहीस.

शेजारी राहिल्याने मैत्री होते, हा मानसशास्त्रज्ञ फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९५०चा मुद्दाही खरा आहे. घरांची दारं जवळ, जिना एकच, म्हणून माणसं एकमेकांना भेटत राहतात. पण त्याने गाठ पडते, एवढंच. तुमची गाठ तर केव्हाच पडलीय.

तेव्हा पायरी कोणती ते मला विचारू नकोस. सातव्या ओळीपुढे तू तारीख घातली आहेस, पाच आठवड्यांपूर्वीची. पाच आठवडे! इतक्या उशिरा पुन्हा विषय काढणं विचित्र दिसेल, असं तुला वाटेल. दिसू दे. तिला भेट आणि म्हण, 'तू झोपेचं बोलली होतीस, तेव्हा मी पुढे काही विचारलंच नाही. आता कसं आहे?' मग गप्प राहा. उपाय सांगू नकोस, 'मलाही तसंच होतं' म्हणू नकोस, आणि 'सगळं ठीक होईल' हे तर अजिबात नको.

ती काय म्हणाली, ते मात्र मला लिहून पाठवू नकोस. ते तिने तुला सांगितलेलं असेल.

तुझी,
मॅडम