नियम धाब्यावर बसवतात, ढाब्यावर नाही

'नियम धाब्यावर बसवले' असं पेपरात सारखं येतं, त्यातला धाबा म्हणजे हायवेवरचा दालतडक्यावालाच ना, असं एकाने विचारलंय. नाही भाऊ. तो ढाबा, ढ चा, तो आपल्याकडे ट्रकवाल्यांबरोबर आला. हे आहे धाबं, नपुंसकलिंगी, 'ते धाबं', म्हणजे घराचं मातीचं सपाट छत, मराठवाड्यात ज्याला माळवद म्हणतात. घोळ होतो तो सामान्यरूपामुळे, धाबं असो की धाबा, दोघांचं 'धाब्यावर'च होतं, त्यात आपले पाट्या रंगवणारे ढाब्यालाही सर्रास 'धाबा' लिहितात.

खान्देशात हे सांगावं लागत नाही. शेंदुर्णीसारखं गाव घ्या, पाचोरा-जामनेर या अडीच फुटी रुळाच्या लाइनीवरचं (आमची पीजे, 2020 ला बंद पडली ती). अशा गावांत रेल्वेची हद्द कुठे संपते ते छपरावरून कळायचं. जुनी टेसनं, क्वार्टरं म्हणजे बहुतेक उतरती कौलं, आणि जुन्या गल्लीत शिरलं की धाबीच धाबी. पाऊस बेताचा आणि ऊन 45 डिग्रीचं, मग दुसरं काय बांधणार! लाकडी सरांवर काटक्या, त्यावर पाला, वर मातीचा जाड थर आणि मिरगाच्या आधी त्यावर खारी पसरायची, म्हणजे पांढरी खारट माती, ती भिजली की घट्ट बसते आणि पाणी खाली उतरू देत नाही. खारी टाकायला उशीर झाला की रात्रभर गळतीखाली पातेली सरकवत बसा, आमच्या आजीला तर एकदा परातसुद्धा पुरली नव्हती.

आता वाक्प्रचार. उन्हाळ्यात धाब्यावर बिबड्या (आमच्याकडचे ज्वारीचे पापड) वाळायच्या, रात्री माणसं झोपायची, आणि बाकी वर्षभर घरात नकोसं झालेलं सगळं वर जायचं, मोडकी खाट, तुराट्या, फुटका माठ. टाकवत नाही पण पायात नको. मला वाटतं नियमाचंही तेच, मोडला म्हणायचं नाही, फेकला म्हणायचं नाही, उचलून वर बसवला की खाली आपण मोकळे. आणि 'बसवला' हे तर मस्तच, जसं काही मान देऊनच बसवलंय.

आता धाबी पाडून स्लॅब पडले, पण आमच्याकडच्या म्हाताऱ्या स्लॅबलाच धाबं म्हणतात. 'धाब्यावर बिबड्या टाकल्यात, कावळे बघ जरा.'